‘आढळले नाही’ लिहिण्याआधी

मे महिन्यातल्या भर दुपारी सोलापूर–बार्शी रस्त्यावरून आजूबाजूला नजर टाकली तर माळावर खरोखरच काही दिसत नाही. पिवळी पडलेली कुसळाची खोडकी, मधेमधे तरवड, उन्हात थरथरणारी हवा, लांबवर एखादा हिवर आणि त्याच्या तुटपुंज्या सावलीत माना खाली घालून उभी असलेली मेंढरं. खाणीच्या मंजुरीसाठी केलेल्या पर्यावरणीय पाहणीच्या अहवालातलं ‘प्रकल्पक्षेत्रात उल्लेखनीय वनस्पती व वन्यप्राणी आढळले नाहीत’ हे वाक्य अशाच एखाद्या दुपारी जन्माला येतं. तसं ते खोटंही नसतं. आलेल्या माणसाला त्या वेळी दिसलं नाही, एवढंच ते सांगतं. पण अहवालात छापून आलं की ‘दिसलं नाही’चं ‘नाही’ होतं, आणि मग त्या ‘नाही’वर सुरुंग लागतो.

सोलापूर जिल्ह्यात कोळशाच्या किंवा लोखंडाच्या खाणी नाहीत. इथं खाण म्हटलं की काळ्या दगडाची खाण, तिच्याशेजारी धूळ उडवणारा खडी क्रशर, रस्त्याच्या कामासाठी उकरलेला मुरूम आणि भीमा-सीनेच्या पात्रातली वाळू. सरकारी भाषेत ही सगळी ‘गौण खनिजं’. एकेक खाण दोन-चार हेक्टरांची. इतक्या लहान खाणीसाठी वन्यजीवांची पाहणी कशाला, असं कुणालाही वाटेल, आणि बरीच वर्षं व्यवस्थेलाही तसंच वाटत होतं. प्रकल्पाआधी पर्यावरण मंजुरी घ्यायला लावणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेतून पाच हेक्टरांखालच्या खाणी सुटून जायच्या. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती पळवाट बंद केली. पुढं १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीत ‘समूह’ ही कल्पना आली: एका खाणपट्ट्याच्या हद्दीपासून पाचशे मीटरच्या आत दुसरा पट्टा असेल, तर दोघांचा विचार एकत्र करायचा. माळावर एकाला लागून एक क्रशर कसे उभे राहतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या पाचशे मीटरांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खाण चार हेक्टरांची असली तरी सविस्तर अभ्यास लागू झाला की पाहणी तेवढ्यावर भागत नाही. खाणपट्टा म्हणजे गाभा क्षेत्र, आणि त्याभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचं बाह्य क्षेत्र. हे वर्तुळ सुमारे ३१,४०० हेक्टर भरतं. घोळाची सुरुवात बहुतेक वेळा इथंच होते. एवढं मोठं वर्तुळ बघून दडपून गेलेली तुकडी गाडीतून त्यात फिरते, तळ्यावरची बदकं, उसातले मोर, गावातली वडापिंपळाची झाडं मोजते, आणि शे-दीडशे नावांची भरघोस यादी तयार होते. ज्या चार हेक्टरांवर खरोखर यंत्र चालणार आहे, त्यांच्या वाट्याला मात्र अर्धा तास येतो. खरं तर उलटं व्हायला हवं. गाभा क्षेत्र पाऊल न् पाऊल तुडवायचं आणि बाह्य क्षेत्रात अधिवासांचे प्रकार पाडून प्रत्येकातला नमुना घ्यायचा: उघडा माळ, झुडपी माळ, ओढ्याचा काठ, शेताचे बांध, पाझर तलाव, जुनी बंद पडलेली खाण. शेवटच्या नावाकडे पुढं परत येऊ.

गाभा तुडवणं ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. चार हेक्टर म्हणजे ढोबळमानानं दोनशे मीटर बाय दोनशे मीटरचा तुकडा. चार माणसं पाच-पाच मीटरवर ओळीत उभी राहिली की एका फेरीत वीस मीटरचा पट्टा उरकतो. दहा फेऱ्या, प्रत्येकी दोनशे मीटर. म्हणजे चालणं दोन किलोमीटर. सावकाश, खाली बघत, बिळं-लेंड्या-पिसं-घरटी नोंदवत चाललं तर दोन-अडीच तास. हे काम न करण्याला कुठलीही सबब चालू नये.

आता ऋतूचा मुद्दा. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे. खाणींच्या अभ्यासाच्या ठरावीक कार्यकक्षेत पाहणी ‘एका ऋतूची, पावसाळा वगळून’ करावी असं म्हटलेलं असतं: मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेतल्या धुळीच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. पावसात धूळ बसते, मग आकडे फसवे येतात. पण त्याच वाक्यात पाणी, आवाज, माती यांच्या जोडीला वनस्पती आणि प्राणीही बसवून दिलेत. धुळीला सोयीचा ऋतू गवताच्या गळ्यात बांधला गेला.

सोलापूर पर्जन्यछायेत. इथं जून-जुलै अनेकदा ढगच दाखवतात, आणि वर्षातला सर्वांत भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. माळ उगवतो, वाढतो, फुलतो आणि बी धरतो तो साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या अडीच-तीन महिन्यांत. तेव्हाच जमिनीखालचे कंद वर येतात, बेडूक ओरडतात, माळावर घरटी होतात. माळढोकाची मादी पावसाळ्याच्या सुमाराला उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. वर्षभराचा सगळा संसार ज्या तीन महिन्यांत होतो तेच वगळून केलेली पाहणी म्हणजे पंढरपूरची गर्दी मोजायला आषाढी आणि कार्तिकी सोडून जाण्यासारखं आहे. नियम एका ऋतूची किमान अट घालतो. दुसऱ्या ऋतूत जायला तो कुणालाही मनाई करत नाही. ज्याला काम नीट करायचंय त्यानं सप्टेंबरमधली एक जास्तीची फेरी पदरमोड करूनही घ्यावी.

उन्हाळ्याला अगदीच नावं ठेवायचीही गरज नाही. गळ्याखालची रंगीत पिशवी पंख्यासारखी उघडून मादीला बोलावणारा छोटा सरडा एप्रिल-मेमध्ये दगडांवर चढून स्वतःच आपली जाहिरात करतो. पावसाळ्यात त्याला शोधत बसावं लागतं. पखुर्ड्या, म्हणजे उघड्या माळावर राहणारे पक्षी, उन्हाळ्यात सकाळी आठ ते दहाच्या सुमाराला पाण्यावर उतरतात. आटत आलेल्या पाझर तलावाशी आडोसा करून बसलं की आजूबाजूच्या माळावरच्या पखुर्ड्या एका जागी मोजता येतात. पाऊस पडून जागोजाग डबकी साचली की ही सोय गेली. भोवत्या पक्षी हिवाळी पाहुणे. ते संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात, म्हणजे त्यांची मोजणी डिसेंबर-जानेवारीत आणि तीही दिवस मावळताना. लांडग्याची पिल्लं हिवाळ्याच्या आगेमागे, खोकडाची त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी. थोडक्यात, प्रत्येक जिवाचं पंचांग वेगळं. एका तिथीला सगळ्यांची गाठ पडत नाही.

गवताची मोजणी चौकटींनी करतात. गवत आणि बारीक रोपट्यांसाठी एक मीटर बाय एक मीटर, झुडपांसाठी पाच बाय पाच, झाडांसाठी दहा बाय दहा. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा, पण सोलापूरच्या माळावरचं निम्मं झाड त्या उंचीच्या खालीच फाटे फोडतं. मग प्रत्येक फाट्याचा घेर वेगळा लिहायचा आणि झाड मात्र एकच धरायचं. चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची करावी, आणि चौथी बाजू उघडी ठेवून तिथं दोरी बांधावी. बंद चौकट कमरेइतक्या कुसळावर टाकली की वरच अडकते. मग ती खाली दाबायला गवत तुडवलं जातं, आणि जे मोजायचं तेच मोडतं.

किती चौकटी? चार हेक्टरांत चाळीस घेतल्या, तरी मोजलेलं क्षेत्र चाळीस चौरस मीटर, म्हणजे एकूण क्षेत्राचा हजारावा हिस्सा. इतक्या लहान नमुन्यावर निकाल द्यायचा असल्यामुळे चौकट कुठं पडते याला फार महत्त्व येतं. ‘इथं बरं दिसतंय’ म्हणून टाकलेली चौकट कायम हिरव्या ठिकाणी पडते, आणि थकलेल्या माणसाची चौकट कायम वाटेच्या कडेला. पाठ फिरवून डोक्यावरून दगड भिरकावणं हेही काही खरं नव्हे. हाताला सवय असते, दगड ठरावीक अंतरावरच पडतो. आदल्या रात्री नकाशावर फोनमधून यादृच्छिक बिंदू काढायचे आणि सकाळी निमूट त्या बिंदूवर जायचं, तिथं नुसता खडक लागला तरी. खडक हीसुद्धा नोंदच. दर पाच चौकटींनंतर नव्या जाती किती मिळाल्या याचा आलेख काढत जावं. तो आडवा व्हायला लागला की थांबावं, चढतच असेल तर अजून चौकटी टाकाव्या. चाळीस हा आकडा देवानं दिलेला नाही.

गवत ओळखायला तुरा लागतो. कुसळ, पवना, शेडा, मारवेल यांची नुसती पाती बघून नाव सांगणारी माणसं आहेत, पण ती बहुधा गुराखी असतात, अहवाल लिहिणारी नसतात. आणि माळावर तुरा फार दिवस टिकत नाही. शेळ्या-मेंढ्या तोच आधी खुडतात. यावर साधा उपाय म्हणजे जून संपता संपता तारेच्या जाळीचे मीटरभर लांबी-रुंदीचे पाच-सहा पिंजरे माळावर पालथे घालून ठेवायचे. आतलं गवत कुणाच्या तोंडी लागत नाही, ऑक्टोबरपर्यंत तुऱ्यावर येतं, आणि बाहेरच्या चाऱ्याशी तुलना केली की चराईचा ताण किती तेही कळतं.

ओळख पटली नाही तर नमुना दाबून ठेवायचा. वर्तमानपत्रात नीट पसरून, मूळ-खोड-पान-तुरा सगळं दिसेल असं. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा. सप्टेंबरच्या दमट हवेत एक दिवस आळस केला की बुरशी धरते आणि सगळी मेहनत काळी पडते. वाळलेला नमुना ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर लावून, त्यावर जागा, तारीख, अधिवास, स्थानिक नाव लिहून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या नमुन्यांशी ताडून घ्यावा. फुलाचा ताजा रंग आणि वास चिठ्ठीवर आवर्जून लिहावा, कारण वाळल्यावर दोन्ही जातात. कंदीलपुष्प किंवा माकडशिंगासारखं काही सापडलं तर उपटायचं नाही. फोटो, मोजमाप, जागेची नोंद एवढं पुरेसं आहे. दुर्मीळ वनस्पतीची यादी वाढवताना ती वनस्पतीच कमी करणारे विद्वान थोडेथोडके नाहीत.

पक्ष्यांसाठी माळावर एका जागी उभं राहून मोजण्यापेक्षा सरळ रेषेत चालत मोजणं जास्त फळतं. लावा, तित्तिर, चंडोल हे पक्षी दबून बसतात. जवळून गेल्याशिवाय उठत नाहीत. पाचशे मीटर ते एक किलोमीटरची रेषा, ताशी एक ते दीड किलोमीटरचा वेग, सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास. प्रत्येक पक्ष्याचं रेषेपासूनचं लंब अंतर लिहायचं. ते नसेल तर घनता काढता येत नाही, नुसती यादी उरते. डोळ्यानं अंदाजलेलं अंतर उघड्या माळावर हमखास चुकतं, कारण मधे मापाला काही नसतं. लेझर अंतरमापक नसेल तर आधी पन्नास आणि शंभर मीटरवर कापडाच्या झेंड्या रोवून डोळा बसवून घ्यावा. वारा सुटला की मोजणी थांबवावी. मे-जूनमध्ये नऊ-साडेनऊलाच असा वारा वाहतो की चंडोल डोक्यावर गात असला तरी ऐकू येत नाही. आणि ऐकू न आलेला चंडोल ‘नाही’च्या रकान्यात जातो.

जमिनीवरची घरटी शोधायची असतील तर वीस-तीस मीटर लांब दोरीला खुळखुळणारे डबे बांधून दोघांनी ती गवतावरून हळू ओढत न्यायची. दोरी जवळ आली की धाविक, टिटवी, डोंबारी चंडोल घरट्यावरून उठतात. घरटं सापडलं की चटकन अंड्यांची संख्या आणि जागा टिपून निघायचं, भर उन्हात तर मुळीच रेंगाळायचं नाही. पालक पक्षी दूर राहिला तर अंडी तापतात. खूण घरट्याशेजारी ठेवायची नाही. दहा पावलांवरचा दगड, त्याची दिशा, एवढं वहीत लिहायचं. फडकं बांधलेली काडी माणसापेक्षा कावळ्याला आणि कुत्र्याला आधी वाचता येते. अभयारण्याच्या हद्दीत किंवा माळढोकाच्या शक्यतेच्या जागी ही दोरी वनखात्याच्या परवानगीशिवाय वापरायचीच नाही.

अभयारण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर त्याचं क्षेत्र सुरुवातीला तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, आणि अखेर हद्द आवळून ती साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. लोकांची तक्रार रास्त होती. मात्र त्यानंतर ‘अभयारण्याबाहेर’ याचा अर्थ ‘माळाबाहेर’ असा लावला जाऊ लागला. हद्दीची रेघ सरकली म्हणून लांडग्याची वाट सरकत नाही. सात-बारावर ज्या जमिनीला पोटखराबा म्हणतात, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात जे झुडपी माळ पडीक म्हणून रंगवलेत, तीच काळविटाची कुरणं आणि खोकडाची घरं आहेत. ‘खराबा’ हा शब्द पिकाच्या नजरेनं बरोबर आहे, पण तो पाहणीच्या वहीत जशाच्या तसा येतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो.

सस्तन प्राण्यांसाठी आता सापळा-कॅमेरे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वापरतात. माळावर ते लावायच्या काही खुब्या आहेत. उंची गुडघ्याच्या खाली, तीस ते चाळीस सेंटिमीटर, नाहीतर खोकड खालून निघून जातं. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिमेला केलं की उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो. समोरचं दोन-तीन मीटरचं गवत मुळाशी कापून काढायचं. हे विसरलं की वाऱ्यानं हलणाऱ्या एका काडीचे हजारो फोटो निघतात आणि तिसऱ्या रात्री बॅटरी संपते. मेमध्ये तापलेल्या खडकाचं आणि प्राण्याच्या अंगाचं तापमान सारखंच होतं, त्यामुळे उष्णतेवर चालणारा सेन्सर दिवसा आंधळा असतो; त्या दिवसांत भरवसा रात्रीच्या फोटोंवरच. चोरीची भीती खरी आहे. लोखंडी पेटी आणि साखळी हवीच, पण त्याहून उपयोगी म्हणजे गावात आधी जाऊन कॅमेऱ्यात काय दिसतं ते दाखवणं. ज्याला कळलंय की हा डबा आपल्यावर पाळत ठेवायला नाही, तो सहसा त्याला हात लावत नाही.

आणि आता मूळ प्रश्न: किती रात्री? समजा दोन कॅमेरे तीन रात्री लावले, म्हणजे सहा कॅमेरा-रात्री, आणि लांडगा आला नाही. गणित असं सांगतं की एका कॅमेऱ्यासमोरून एका रात्री लांडगा जाण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीस असती, तरीही वीसात एकदा असा कोरा निकाल लागलाच असता. म्हणजे या सहा रात्रींतून काहीच सिद्ध होत नाही. सहा कॅमेरे वीस रात्री लावले तर कॅमेरा-रात्री होतात १२०. त्यात शून्य आलं तर ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं की ती शक्यता दर रात्री अडीच टक्क्यांच्या खाली आहे. हिशेब सोपा आहे: तीनाला एकूण रात्रींनी भागायचं. नमुना मोठा असेल तर हा ठोकताळा चांगला चालतो. लहान नमुन्यात तो उत्तर फुगवून सांगतो. दोन्ही अहवालांत शेवटी ‘लांडगा आढळला नाही’ हेच वाक्य येणार, पण त्यांचं वजन एक नाही. म्हणून ‘आढळले नाही’ या शब्दांच्या पुढं किती माणसं, किती तास, किती रात्री, कोणते महिने, हवा कशी, हे लिहिलेलं नसेल तर ते वाक्य कोरं समजावं. अहवाल वाचणाऱ्यानं आधी हाच रकाना शोधावा. बहुतेक ठिकाणी तो सापडत नाही, आणि तोही मग आपण ‘आढळला नाही’ असाच नोंदवावा.

ठशांवरून निकाल देताना जपून. लांडगा आणि गावठी कुत्रा यांचे सुटे ठसे वेगळे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. सुट्या ठशापेक्षा चाल बघावी: लांडगा एका ओळीत, मागचा पाय पुढच्या ठशावर टाकत सरळ जातो, कुत्रं रेंगाळतं, वास घेतं, वळतं. विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतील तर लांडगा असल्याची शंका बळावते. तरीही वहीत ‘बहुधा’ हा शब्द लिहायला लाजू नये.

रात्रीची फेरी पहिल्या वळवानंतर आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये. विजेरी, जाड बूट, हातात काठी. फुरसं इथलं घरचं आहे आणि दगडाच्या रंगात मिसळून बसतं. दगड उलटायचा तो आपल्याकडे ओढून, म्हणजे खालचा जीव समोरच्या बाजूला निघतो. बघून झाल्यावर दगड जसा होता तसा परत ठेवायचा; तो दगड म्हणजे विंचवाचं आणि पालीचं छप्पर. प्राणी हातात धरणं, उंदरांसाठी पिंजरे लावणं याला परवानगी लागते, आणि खाणीच्या पाहणीत त्यावाचून फारसं अडतही नाही. सापापाशी शौर्य दाखवायची तर अजिबातच गरज नाही.

माहितीचा सर्वांत मोठा साठा मात्र माळावरच उभा असतो, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन. मेंढपाळ वर्षातले बहुतेक दिवस आणि रात्री इथंच असतो. पण त्याला विचारायचं कसं, यात मेख आहे. ‘इथं लांडगा आहे का?’ असं विचारलं की उत्तर समोरच्याचा चेहरा बघून येतं. पँट-शर्टातला माणूस वनखात्याचा वाटला तर ‘न्हाय बा’, नुकसानभरपाईचा वाटला तर ‘लई हाईत’. त्यापेक्षा ‘मामा, औंदा किती कोकरं गेली? रातच्याला का दिवसा? कुणीकडनं आलतं?’ असे प्रश्न विचारावेत. घडलेल्या गोष्टीचं उत्तर सहसा खरं मिळतं. चित्रं दाखवताना इथं कधीच नसणाऱ्या एखाद्या प्राण्याचं, समजा शेकरूचं, चित्र मधेच सरकवावं. त्यालाही कुणी ‘हाय की’ म्हणालं तर त्याच्या बाकीच्या उत्तरांना थोडं कमी वजन द्यावं, माणूस भला असला तरी. कोल्हा आणि खोकड या नावांची गावोगाव सरमिसळ होते. शेपटीचं टोक काळं होतं का, आकार मांजराएवढा की कुत्र्याएवढा, हे विचारून घ्यावं. वनखात्याकडचे पशुधन-हानीचे पंचनामेही आवर्जून बघावेत. तारीख, जागा, प्राणी, सगळं त्यात असतं आणि त्यासाठी एकही रात्र जागावी लागत नाही.

चुका कुठं होतात ते पाहणी करणाऱ्यांना ठाऊक असतं, फक्त बोललं जात नाही. सगळ्यांत लाजिरवाणी म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याची यादी उचलून चिकटवणं. सोलापूरच्या माळाच्या यादीत शेकरू किंवा सह्याद्रीतली सदाहरित झाडं दिसली की समजावं, अहवाल सोलापूरला आलेला नाही. दुसरी चूक निरुपद्रवी वाटते, पण तीच जास्त घातक: अक्षांश-रेखांश लिहिण्यातली. १७ अंश ४० मिनिटं हे दशांशात १७.६६७ होतं. घाईत कुणी १७.४० लिहिलं की बिंदू जवळजवळ तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. सोलापूर शहराजवळचं घरटं मग थेट भीमेच्या काठी, कर्नाटकच्या हद्दीपाशी जाऊन बसतं. सगळ्या वह्यांत एकच पद्धत ठरवावी आणि रोज संध्याकाळी सगळे बिंदू नकाशावर टाकून बघावेत. चूक त्याच दिवशी दिसली तर सुधारते. आठवड्यानंतर कुणालाच काही आठवत नाही.

पाहणीतून जे निघतं त्याचा उपयोग पुढच्या उपाययोजनेत व्हायला हवा, आणि तिथं आणखी एक गंमत असते. खाणपट्ट्याच्या हद्दीला आतून साडेसात मीटरचा पट्टा मोकळा सोडून त्यात हरितपट्टा करायचा असतो. लगेच गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांची रोपं येतात, फोटो निघतात. माळाला झाडांची भर घालणं म्हणजे तळ्यात भराव टाकणं आहे. धाविक आणि पखुर्डी उघड्यावर राहतात, कारण त्यांना लांबून येणारा शत्रू दिसायला हवा. झाडांची रांग म्हणजे शिकाऱ्यांची बैठक. क्रशरच्या बाजूला धूळ अडवायला झाडं हवीत, ती कडुनिंब, हिवर, बोर अशी लावा. उरलेल्या तीन बाजूंना पवना, मारवेल आणि तरवड पुरे. खाण उघडताना वरची वीतभर माती आधी खरवडून वेगळी ठेवावी. ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच करू नये, मधली माती गुदमरते; आणि शक्य असेल तर पहिल्या पावसाआधी ती दुसरीकडे पसरावी. त्या वीतभरात माळाचं सगळं बियाणं असतं, रोपवाटिकेत ते विकत मिळत नाही.

जुन्या खाणीचं सांगायचं राहिलं. बंद पडलेल्या दगडखाणीचे उभे कडे शृंगी घुबडाला फार आवडतात. खडकातल्या कपारीत ते हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घरटं करतं. म्हणून जुन्या खाणीचं काम पुन्हा सुरू होणार असेल तर ‘ही तर आधीच उकरलेली जागा, इथं काय असणार’ म्हणून पाहणी टाळू नये. कड्याच्या पायथ्याशी उंदरांच्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या पडल्यात का ते बघावं, खडकावर विष्ठेचे पांढरे ओघळ बघावेत, आणि दिवस मावळल्यावर अर्धा तास गप्प बसून कान द्यावा. घरटं असलं तर तो कडा पिल्लं उडेपर्यंत सोडून खाणीच्या दुसऱ्या टोकाला काम सुरू करता येतं. यात कुणाचं फार नुकसान होत नाही. फक्त ते आधी माहीत असावं लागतं.

शेवटी खुणांच्या खुंट्यांबद्दल. खाण सुरू झाल्यावर दरवर्षी त्याच चौकटी पुन्हा मोजायच्या असतील, आणि तशा मोजल्या नाहीत तर पहिली पाहणी अर्धीच राहते, तर कोपऱ्यांच्या खुणा टिकायला हव्यात. काही चौकटी खाणीपासून दोन-तीन किलोमीटरवर, तशाच माळावर पण खाणीच्या धुळीबाहेर घ्याव्यात. फरक खाणीमुळे पडला की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे त्याशिवाय सांगता येत नाही. लोखंडी सळया ठोकल्या तर त्या दिवाळीच्या आत भंगारात जातात. लाकडी खुंट्या चुलीत. त्यापेक्षा वीतभर लांबीच्या पीव्हीसी पाइपमध्ये सिमेंट भरून, त्यात एक खिळा रुतवून, जमिनीच्या पातळीला गाडून टाकावं. वरून दिसत नाही, शेळीच्या पायाला लागत नाही, कुणाच्या कामाचं नाही. शोधायची वेळ आली की बिंदूवर जाऊन धातुशोधक फिरवायचा, खिळा वाजतो.